न झालेला दावा

माझी थोरली बहीण वकील नव्हती. कोर्टाची पायरी ती आयुष्यात चढली नाही. पण भावोजींची वकिली शेवटपर्यंत टिकली ती तिच्यामुळे, असे सगळे म्हणत, आणि सगळ्यांच्या आधी भावोजी म्हणत. ते खरेही आहे. तरी त्यातली एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. आता ताईही नाही, भावोजीही नाहीत. मला नीट सांगता येईल की नाही ठाऊक नाही, पण मी नाही सांगितली तर ती कोणालाच कळायची नाही.

ऑफिस म्हणजे जिना चढून आल्यावर घराच्याच पुढच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत भावोजी बसत. बाहेरच्या खोलीत एक बाक, एक खिडकी आणि ताईचे टेबल. मागे स्वयंपाकघर, आणि वर माडीवर मी. मी छापखान्यात खिळे जुळवायचे काम करीत असे. बायको लवकर गेली तेव्हा ताई म्हणाली, "वर ये राहायला, दोघांत तिसरा काही जड नाही." तो मी तिथेच म्हातारा झालो.

भावोजी कामात हुशार होते, पण 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. समोरचा माणूस रडवेला झाला की त्याच्याआधी यांचे डोळे भरत. कोणी कागद पुढे केले की घ्यायचे, "ठेवून जा, वाचून ठेवतो" म्हणायचे, आणि तो माणूस जिना उतरेपर्यंत पुढच्याचे ऐकायला लागायचे. ताई म्हणे, "यांच्याकडे कोणी मांजराची पिल्लं आणून दिली तरी हे ठेवून घेतील आणि पावती देतील."

ती सावध झाली त्याला कारण होते. भावोजी ज्या वकिलांच्या हाताखाली शिकले त्यांच्याकडून एकदा एक तारीख चुकली. अशिलाचे फार नुकसान झाले आणि त्याने वकिलांवरच दावा लावला. त्यात वकिलांचे घर गेले, तेव्हा सामान खाली उतरवायला मदत म्हणून ताई गेली होती. तिच्या लग्नाला तेव्हा वर्षही झाले नव्हते. वकिलांच्या पत्नींनी शिवणाचे मशीन हमालांना उचलू दिले नाही, स्वतः कवेत घेऊन जिना उतरल्या. ताई घरी आली आणि दोन घास खाऊन भावोजींना म्हणाली, "उद्यापासून मी बाहेर बसते."

बसली ती बसलीच. तिचे नियम थोडे होते, पण लोखंडी होते. ज्याचे काम घ्यायचे त्याला घेतले म्हणून पत्र. ज्याचे घ्यायचे नाही त्यालाही पत्र, की आम्ही घेत नाही, दुसरा वकील गाठा, उशीर करू नका. आणि न घेतलेल्या कामाचे कागद एक रात्रही घरात राहता कामा नयेत. ते ती स्वतः माणसाच्या पिशवीत घालायची, पिशवीचे तोंड बंद करायची आणि जिन्यापर्यंत पोचवायला जायची. "ज्याचे कागद आपल्या घरात, त्याचा जीव आपल्या घरात," असे तिचे म्हणणे. लोकांना त्याचा राग येई. माझी एक आत्या तिला दाराची कडी म्हणायची.

आणखी एक रीत होती. आतून सल्ला घेऊन माणूस बाहेर आला की ती त्याला बसवून विचारायची, "साहेब काय म्हणाले ते आता मला सांगा."

एकदा एक पाववाला बाहेर आला. तिने विचारले, "काय कळलं?"

"साहेब देवमाणूस आहेत."

"ते मला लग्नाआधीपासून माहीत आहे. कामाचं काय?"

"काम होईल म्हणाले."

ताईने तिथूनच आत आवाज दिला, "अहो, काम होईल म्हणालात?"

"मी म्हणालो कठीण आहे," आतून आवाज आला.

"ऐकलंत? कठीण आहे. आता तुम्ही म्हणा."

पाववाल्याने 'कठीण आहे' असे तीनदा म्हटले तेव्हा कुठे त्याला उठू दिले.

अशी ती दिवसभर टेबलाशी. फक्त रविवारी ऑफिस बंद. रविवारी सकाळी ती बाजारात जायची, नाहीतर मुलीकडे, आणि भावोजींकडे मिस्त्री यायचे.

मिस्त्री आणि भावोजी एका बाकावर शिकलेले. पुढे एक वकील झाला, एक सुतार. भावोजींच्या ऑफिसातला बाक, टेबल, कपाट, सगळे मिस्त्रींनी केलेले. नंतर त्यांनी स्वतःचे काम सोडून एका लाकडाच्या कारखान्यात नोकरी धरली होती. दर रविवारी दोघे बुद्धिबळ खेळायचे. दोघांनाही फारसे येत नव्हते. एकमेकांना शिव्या देण्यासाठी खेळत असावेत. "वकिला, घोडा अडीच घरं जातो, तुझ्या केससारखा वर्षानुवर्षं उभा राहत नाही," असे मिस्त्रींचे चालायचे. त्यांचा आवाज माझ्या माडीपर्यंत येई.

कारखान्यात करवतीच्या यंत्रात मिस्त्रींचा उजवा हात गेला. अंगठा आणि करंगळी राहिली, मधली तिन्ही बोटे गेली. यंत्राची जाळी मालकाने काढून टाकलेली होती, काम भरभर व्हावे म्हणून. इस्पितळातून आल्यावर दुसऱ्याच रविवारी मिस्त्री आले. हाताला पांढरे बोचके बांधलेले, डाव्या काखेत कागदांचे पाकीट. ताई मुलीकडे गेली होती. भावोजींनी पाकीट उघडून सगळे वाचले, मित्राच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मालक स्वतःहून काय देतो ते आधी बघ. एकदम कोर्टात गेलास तर तो बिथरेल." मग त्यांनी पट मांडला. मिस्त्री डाव्या हाताने खेळले आणि जिंकले. पाकीट तिथेच आतल्या खोलीच्या खिडकीत राहिले. पुढे त्यावर बुद्धिबळाची पेटी आली आणि ताईला ते कधी दिसलेच नाही.

अशा अपघाताची भरपाई मागायला मुदत असते. ती टळली की मागणी कितीही खरी असो, मेली. हे भावोजींना कळत नव्हते असे नाही. त्यांना वाटत होते की आपण मित्र म्हणून सल्ला दिला. मालकाशी बोलणी फिसकटली की हा सांगेल, मग आपण बघू. मिस्त्रींना वाटत होते की कागद वकिलाकडे आहेत, म्हणजे काम वकिलाकडे आहे. दोघे दर रविवारी भेटत होते. विचारले कोणीच नाही. मिस्त्रींना वाटे, मित्राला विचारणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे. भावोजींना वाटे, हाताचा विषय आपण कशाला काढावा. मालक तिकडे आज देतो, उद्या देतो करीत राहिला आणि मुदत संपल्यावर सरळ नाही म्हणाला.

एका सोमवारी मिस्त्री आले आणि बाकावर बसले. कामाच्या दिवशी ते प्रथमच आले होते. मी खाली पाणी भरत होतो.

ताई म्हणाली, "आज रविवार नाही हो मिस्त्री. कॅलेंडर पाठवून देऊ का?"

ते हसले. म्हणाले, "वहिनी, माझ्या कामाचं कुठवर आलं, एवढंच विचारायला आलो. मालक नाही म्हणतोय आता."

"कुठलं काम?" ताईने विचारले.

मिस्त्रींनी हात नुसता थोडा वर केला.

ताईने आत पाहिले. भावोजी दारात येऊन उभे होते. त्यांचा चेहरा मी आजवर विसरलेलो नाही. त्यांना सगळे त्या क्षणी कळले. मिस्त्रींनाही कळले असावे. ते उठले. "असू दे," म्हणाले, "गेलेलं काही परत येत नाही," आणि जिना उतरून गेले. कागद न्यायचे त्यांना सुचले नाही आणि द्यायचे ताईलाही नाही.

दोन-तीन दिवसांनी मिस्त्रींचा जावई आला. बसला नाही. म्हणाला, "सासरे भिडेपोटी बोलायचे नाहीत, म्हणून मी बोलतो. तुमच्या चुकीनं आमचं नुकसान झालं. दुसऱ्या वकिलाला विचारलंय आम्ही. दावा तुमच्यावर लागू शकतो. कोर्टात भेटू."

ताईने त्याला पाणी दिले. ते त्याने घेतले नाही. तो गेल्यावर ती टेबलाशी बसून राहिली. मला वाटते, तिला ते शिवणाचे मशीन दिसत असावे. घर आणि ऑफिस एकच. दावा लागला आणि हरलो तर दोन्ही जाणार, आणि हरणारच होतो.

ती भावोजींच्या ओळखीच्या एका ज्येष्ठ वकिलांना भेटून आली. त्यांनी सांगितले ते तिने आम्हा दोघांना जेवताना सांगितले. मिस्त्रींना भेटायचे नाही. बोलायचे नाही. काही मदत करायची नाही. आणि माफी तर मुळीच मागायची नाही, कारण माफी म्हणजे कबुली.

भावोजी म्हणाले, "अगं, पण चूक माझी आहे."

"म्हणूनच," ताई म्हणाली.

"मी नुसता जाऊन येतो. बोलणार नाही काही."

"तुम्ही? न बोलता? तुम्ही त्याच्या दारात पाऊल टाकायच्या आधी रडाल. आणि जावई साक्षीला उभाच असेल."

त्या रविवारी सकाळी भावोजी जोडे शोधत होते. कपाटाखाली पाहिले, बाकाखाली पाहिले.

"माझे जोडे कुठे आहेत?"

"धुतलेत," ताई आतून म्हणाली.

"कातडी जोडे कोणी धुतं का?"

"वाळतील दोन दिवसांत."

भावोजींनी माझ्याकडे पाहिले.  ते चपला घालून जाऊ शकले असते. गेले नाहीत. खुर्चीत बसून राहिले. पुढच्या रविवारी जोडे वाळले होते, पण त्यांनी मागितले नाहीत.

"कुठवर असं?" त्यांनी एकदा विचारले होते. वकिलावर दावा लावायलाही मुदत असते, तीन वर्षे. ताई म्हणाली, "तेवढी काढू. मग मी स्वतः तुम्हाला घेऊन जाते. पायावर डोकं ठेवा त्यांच्या, मी अडवणार नाही." तिने हे मनापासून ठरवले होते. त्या दिवसाची वाट ती भावोजींपेक्षा जास्त पाहत होती, हे मी जवळून पाहिले आहे.

मधल्या काळात एकदा आम्ही तिघे औषधाच्या दुकानाशी उभे होतो. पलीकडच्या फुटपाथवरून मिस्त्री येत होते. त्यांनी भावोजींना पाहिले आणि हात वर केला, तोच हात, सवयीने. ताईने हळूच भावोजींची बाही धरली. भावोजींनी मान वळवली आणि दुकानाची पाटी वाचत राहिले. मिस्त्रींनी हात खाली घेतला आणि खिशात घातला.

दावा आला नाही. टपालवाला जिना चढू लागला की ताईचे हातातले काम थांबे. हळूहळू भावोजी भित्रे झाले. साधे पत्रदेखील चारचारदा वाचून घेत. नवीन माणूस आला की आधी म्हणत, "कागद ताब्यात ठेवा तुमचे." ताईला जे त्यांना आयुष्यभर शिकवता आले नव्हते ते ते आता शिकले होते, आणि त्याचा तिला आनंद झालेला मला दिसला नाही.

शेवटी मुदत संपली. त्या सकाळी ताईने भावोजींचे जोडे पॉलिश करून त्यांच्यापुढे ठेवले. "चला," म्हणाली.

भावोजींनी जोड्यांकडे पाहिले. "आज जाऊन काय सांगू? काल भीती होती म्हणून आलो नाही, आज भीती संपली म्हणून आलो?"

"अहो, माफी ती माफीच."

"तुझ्यावर माझा राग नाही. तू सांगितलंस, मी ऐकलं. पण मी नाही येणार. कोणत्या तोंडानं येऊ?"

ताईने जोडे परत कपाटाखाली ठेवले. मग तिने पायात चपला सरकवल्या आणि मला म्हणाली, "तू चल."

मिस्त्री लाकडाच्या एका वखारीवर राखणदार होते. फाटकाशी त्यांची खोली, एक खाट, एक स्टूल, सगळीकडे भुशाचा वास. ताईला पाहून ते घाईने उठले. स्टूल डाव्या हाताने पुसले. तिने बसायच्या आत सांगून टाकले, "मिस्त्री, तुमचं नुकसान आमच्यामुळे झालं. तेव्हाच येऊन सांगायला हवं होतं. हे निघाले होते, मी येऊ दिलं नाही. दाव्याची भीती होती."

"कसला दावा?" मिस्त्री म्हणाले.

"जावई आले होते तुमचे."

"तो?" ते खाटेच्या कडेवर बसले. "त्याला मी त्याच दिवशी झापला. म्हटलं, ज्याच्या पाटीवर मी धुळाक्षरं गिरवली त्याच्यावर दावा लावू होय रे? वर्षभर बोलत नव्हता माझ्याशी." मग हात मांडीवर ठेवून ते त्याच्याकडे बघत राहिले. "म्हणजे वकील त्यासाठी येत नव्हता?"

"मग तुम्हाला काय वाटलं?"

"मला वाटलं, त्याला हे बघवत नाही. लहानपणापासून मऊच आहे तो. औषधाच्या दुकानापाशी मी हा हात वर केला आणि त्यानं मान फिरवली. तेव्हापासून मी खिशात ठेवतो."

 बाहेर कोणीतरी फळ्या उतरवत होते, त्यांचा आवाज येत होता. मिस्त्रीच पुढे म्हणाले, "वहिनी, त्याला हे सांगू नका. मी रागावलोच नव्हतो असं कळलं तर तो खचेल, आणि परत तोंड दाखवणार नाही. मला माहीत आहे ना तो. त्याला सांगा, मिस्त्रीनं यथेच्छ शिव्या दिल्या. त्यानं त्याला बरं वाटेल. दोन शिव्या परत द्यायला म्हणून का होईना, येईल रविवारी."

 घराच्या जिन्यात ताई थांबली आणि म्हणाली, "तीन वर्षं, रे," आणि कठड्याला धरून वर गेली.

भावोजी बाहेरच्याच खोलीत येरझारा घालत होते. "काय म्हणाला?"

"शिव्या दिल्या," ताई म्हणाली.

"खूप?"

"यथेच्छ."

भावोजींनी दीर्घ श्वास सोडला. चेहरा खरोखर हलका झाला त्यांचा. मला वाटले, मिस्त्रींचे म्हणणे बरोबर निघाले. पण ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बघ. म्हणजे राग होताच त्याचा. म्हणजे त्यानं सोडलं नसतं मला. तू अडवलंस तेच बरोबर होतं. बरं झालं मी गेलो नाही."

मिस्त्रींना ठाऊक होता तो वकील तीन वर्षांपूर्वीचा होता. हा वेगळा होता, आणि याला असा ताईने केला होता. तिच्या ते लक्षात आले. तिने आत जाऊन भात टाकला.

रविवार आला. भावोजी गेले नाहीत. त्याच्या पुढचाही आला. मी ताईला म्हटले, "खरं सांगून टाक ना."

"सांगते. जरा बरा दिवस बघून."

एकदोनदा तिने सुरुवात केलीही. "अहो, ऐका ना, मिस्त्री त्या दिवशी..." एवढे म्हणे, आणि भावोजी लगेच हात करून म्हणत, "नको तो विषय. तू निस्तरलंस, संपलं." मग ती उठून कामाला लागे. खरे काय ते सांगायचे म्हणजे आधी त्यांना हे सांगायचे, की ज्याच्यापासून मी तुम्हाला वाचवले ते कधी नव्हतेच. मीही तिला पुन्हा 'सांग' म्हणालो नाही.

मिस्त्रींनी काही महिने वाट पाहिली असावी. मग वखारीवर नवा राखणदार दिसला. ते मुलीकडे दुसऱ्या गावी गेले, असे त्याने सांगितले. पत्ता त्याच्याकडे नव्हता. ताईने बऱ्याच जणांना विचारला. कितीतरी दिवसांनी एकाकडून मिळाला, तेव्हा तिने पत्र टाकले; तिथून उत्तर आले ते जावयाचे, तीन ओळींचे. मिस्त्री त्याआधीच वारले होते.

भावोजींना तिने तेवढे मात्र सांगितले. ते उठून खिडकीशी गेले. "माझ्यावर राग ठेवून गेला," एवढेच म्हणाले. ताई पदराने टेबल पुसत राहिली. त्यावर काहीही पडलेले नव्हते.

त्यानंतर वकिली आणखी बरीच वर्षे चालली. कोणी दावा लावला नाही. भावोजी थकले, मग अंथरुणाला खिळले. शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्याजवळ बसलेलो असताना ताई त्यांना औषध द्यायला आली. त्यांनी तिचे मनगट धरले. आवाज अगदी बारीक झाला होता.

"तू होतीस म्हणून तरलो," ते म्हणाले. "नाहीतर मिस्त्रीनं मला कोर्टात खेचला असता. घर गेलं असतं. माझ्यानं काही झालं नसतं."

मी ताईकडे पाहिले. अजून वेळ होती. सांगितले असते तर त्यांना कळले असते, इतके भान त्यांना होते. तिने मनगट सोडवून घेतले नाही. दुसऱ्या हाताने त्यांच्या अंगावरचे पांघरूण गळ्यापर्यंत ओढले, आणि नुसते "हं" म्हणाली.

ते समाधानाने डोळे मिटून पडले. ती बाहेर आली, औषधाचा चमचा धुतला, आणि मला म्हणाली, "जेवून घे तू. मला भूक नाही."